शून्य दिवस

“अपघात असं लिहा,” तो म्हणाला. तळहातातून रक्त ठिबकत होतं आणि स्वारी चक्क हसत होती!

सौदीतल्या राबिघच्या आमच्या साइटवर मी नर्स, अम्मी-अब्बांसोबत इथेच गावात राहणारी. हा उसामा – आठच दिवसांपूर्वी आलेला सेफ्टी ऑफिसर, हर्णैचा. मोडका कठडा दुरुस्त करा म्हणून सांगून थकला, शेवटी स्वतःच बांधायला गेला आणि पत्र्याने हात कापून घेतला.

“आम्ही ‘खोलीत पडला’ असं लिहितो,” मी हळूच म्हटलं.

“पण मी खोलीत पडलो नाही ना!”

आता याला काय सांगू… गेटवर पाटी होती, ‘अपघाताविना ४९६ दिवस’. पाचशे झाले की मोठ्या कंपनीचे साहेब येणार, बिर्याणी होणार, कॅम्प बॉस सिराजुद्दीनला बढती मिळणार. म्हणून इथे बोटं मोडायची ती खोलीत, डोकी फुटायची ती बाथरूममध्ये. लिहायची मी. लाज वाटायची, पण माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात होता.

उसामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही… काळजीने. मी लिहिलं – अपघात.

चोराच्या मनात चांदणं! दहा मिनिटांत सिराजुद्दीन हजर.

“निदा, पान बदल. नाहीतर दोघांचीही नोकरी खलास.”

मी पान बदललं नाही. गेटवरचा आकडा मात्र त्याने वाढवतच ठेवला; साहेब येऊन जाईपर्यंत त्याला गाजावाजा नको होता. आणि उसामा रोज ड्रेसिंगला येत राहिला.

“दिवसाआड या म्हटलं होतं.”

“जखमेसाठी दिवसाआडच येतो.”

“आणि मधल्या दिवशी?”

“चौकशीला… ऑफिसर आहे ना मी.”

मेल्याला हसताना गालावर खळी पडते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं का?

पाचशेव्या दिवशी मांडवात, साहेबांसमोर, उसामा उभा राहिला. “ही पाटी खोटी आहे.”

“नवा आहे, साहेब,” सिराजुद्दीन हसला. “खोलीत पडला होता. विचारा नर्सला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  मी उठले.

“खोलीत पडल्याच्या सगळ्या नोंदी माझ्या हातच्या आणि खोट्या आहेत, साहेब. खरी एकच – यांची.”

मागून तुकाराम फिटरने आपलं वाकडं बोट वर केलं. त्याच्या शेजारच्याने भाजलेला हात. बघता बघता अख्खा मांडव हात वर करून उभा!

सिराजुद्दीनला त्याच दिवशी काढलं. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पाटीवर शून्य आलं. बिर्याणी मात्र कुणी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर रांग लागली. महिनोन् महिने लपवलेली दुखणी घेऊन माणसं आली होती. तेवढ्यात उसामा थेट आत.

“तुम्हाला काय झालंय?”

“काही नाही. शुक्रवारी नमाजनंतर… तुमच्या अब्बांना भेटायला येऊ का?”

माझे कान तापले. “रांगेने या.”

आणि हा वेडा खरंच शेवटी जाऊन उभा राहिला! भर उन्हात, तासभर. माझं मात्र एकाही बँडेजची गाठ धड बसेना.

शेवटी त्याचा नंबर आला.

“या,” मी म्हटलं, “अम्मीला सांदणं करायला सांगते.”

हळूच म्हणायचं ठरवलं होतं. पण दारातल्या तुकारामने शिट्टीच मारली.