विहिरीवरचा धवल

श्रुतिकाचा झुमका विहिरीत पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. मुलुंडमधल्या तिच्या जुन्या इमारतीमागची ती विहीर. भर दुपारी दोन वाजता ही बया कठड्यावरून आत डोकावतेय... आणि शेजारी कठड्यावरच बसलेल्या कोणीतरी ओला झुमका पुढे केला.

"अजून वाकलीस, तर तुलाही काढावं लागेल."

पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांत खट्याळ हसू. आणि पायाशी सावलीच नाही!

"तू... कोण?"

"राखणदार. या विहिरीचा."

"आमच्याकडे वॉचमन आहे."

"तो झोपतो," तो गंभीरपणे म्हणाला.

खरं तर श्रुतिकाने तिथून धूम ठोकायला हवी होती. ती हसत सुटली, आणि तिथेच फसली. त्याला नाव नव्हतं, म्हणून ती त्याला धवल म्हणू लागली. घरून ऑफिसचं काम करणारी श्रुतिका तीन वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत खाली येत राहिली. तो फक्त तिलाच दिसायचा, आणि कठड्यावरून खाली पाऊल टाकणं त्याच्या हाती नव्हतं. तिने हात पुढे केला, की बोटांना नुसता गारवा लागायचा.

मग इमारत पाडायचं ठरलं. आठवड्याभरात विहीर बुजणार होती, आणि तिच्याबरोबर तोही जाणार होता.

"ज्याच्या हातून मला नारळ मिळतो, त्याने गाऱ्हाणं घालून, म्हणजे नारळ हाती धरून मोठ्याने विनवून सोडलं आणि घरच्यांनी होकार भरला, तर मी सुटेन," धवल म्हणाला. "पण सुटल्यावर माणूस होईन, की हवेत विरून जाईन... ठाऊक नाही गं."

"चान्स घेऊया ना यार," ती म्हणाली. आवाज मात्र कापत होता.

तो नारळ दर वर्षी तिचे बाबा द्यायचे. धाकू परब मूळचे मालवणकडचे. राखणदार आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपल्या लेकीचा जीव त्याच्यावर जडलाय, हे मात्र त्यांच्या पचनी पडेना.

"त्येका सोडलंय, तर घर कोण राखतलो?"

"बाबा, तो जात नाहीये. घरात येतोय."

"चेडू चार दिवस धड जेवूक नाय," आई लेकीकडे बोट दाखवत म्हणाली. "उठा, नारळ घेवा."

शेवटच्या दुपारी तिघं विहिरीपाशी उभी राहिली. बाबांनी नारळ हातात धरला.

"बा म्हाराजा, आजवर ह्या घराची राखण केलंस..."

"होय म्हाराजा!" आई म्हणाली.

"...तशीच ह्याच्या फुडे पन करीत ऱ्हव..."

तीस वर्षांची सवय! जीभ आपोआप जुन्या वाटेने गेली. आईचा होकार ओठांवर आला होता. तो बाहेर पडता, तर धवल पुन्हा बांधला जाणार होता.

"नाय म्हाराजा!" श्रुतिका ओरडली.

गाऱ्हाण्यात असं काही परबांच्या सात पिढ्यांनी ऐकलं नसेल. बाबांनी लेकीकडे पाहिलं, आणि नारळ पुन्हा नीट धरला.

"चुकलंय, म्हाराजा. तू लय राखलंस. आता तुजी राखण माजा चेडू करतला. मी तुका मोकळो केलंय."

"होय म्हाराजा!" मायलेकी एकदम म्हणाल्या.

नारळ फुटला, आणि कठडा रिकामा झाला.

गेला... खरंच गेला तो. श्रुतिकाच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

"आई गं!"

कठड्यापलीकडे धवल तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचत होता.

"अगो बाय, ह्यो माका पन दिसता!" आई म्हणाली. बाबांनी पायातल्या चपला काढून त्याच्यापुढे सरकवल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आई-बाबा पुढे गेले. पहिल्याच वळणावर धवल थांबला, छातीवर हात ठेवून.

"हे काय धडधडतंय?"

"जिना चढलास ना, म्हणून."

"खोटं. खाली उतरून तुला पाहिलं, तेव्हापासून चालू आहे. तेव्हा कुठे जिना होता?"

श्रुतिकाने त्याच्या हातावर हात ठेवला. या वेळी तो उबदार लागला.

"माझं तर तीन वर्षं चालू आहे रे," ती हलकेच म्हणाली. "आणि मी रोज जिना उतरून यायचे."