मागे, कंदील घेऊन

दिवा समोर ठेवा. माझ्या पाठीमागे नको. हं, आता ठीक.

त्या रविवारी दुपारी मी बर्फ वितळायला पायऱ्यांवर टाकायचं मीठ घेऊन मार्लिसकडे गेले. मिनेसोटाच्या उत्तरेला जानेवारीत मीठ टाकलं नाही तर माणूस दारातच आडवा होतो. मीठ टाकलं, बूट झटकले आणि तळघरात उतरले. आमचा खेळ तिथेच चालायचा. साठीला आलेली माणसं टेबलाभोवती बसून योद्धे आणि जादूगार होतात, फासे टाकतात, नसलेल्या राक्षसांना मारतात. हसा खुशाल. मीही हसते, पण तीस वर्षं हा खेळ मीच चालवतेय. गुहेत काय दिसतं, कोण मेलं, कोण वाचलं हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं.

मानायचा नाही तो फक्त ड्वेन. विम्याचे दावे तपासणं हा त्याचा धंदा. लोकांना त्यांच्या जळक्या घरासमोर उभं करून पैसे का मिळणार नाहीत हे समजावण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि रविवारी तेच दुकान तो आमच्या टेबलावर मांडायचा. जादूची वस्तू दिसली की गृहस्थाच्या तोंडाला पाणी सुटायचं. नियमांचं पुस्तक उघडायचं, बोट थुंकीनं ओलं करायचं आणि एकेका ओळीचा असा कीस काढायचा की राक्षसानेही कंटाळून घरी जावं. उडत्या गालिच्यावर कुत्रा बसला तर त्याला प्रवासी धरायचं की सामान, यावर त्याने एकदा अख्खी दुपार खाल्ली होती. मला त्याचा तिटकारा होता. एवढं सगळं होऊनही तो तिटकारा गेलेला नाही.

मार्लिसचा नवरा व्हर्नर आमच्यातलाच. ऑक्टोबरात गेला. खेळातल्या त्याच्या पात्राकडे जादूचा कंदील होता, त्या उजेडात लपलेलं काहीही दिसायचं. पुस्तक सांगतं की धरणारा जिवंत आहे तोवर कंदील जळतो, आणि तोवर दुसऱ्याच्या हाती जात नाही. आमच्या टेबलाचा आणखी एक नियम होता. खेळाडू गैरहजर असला तर त्याचं पात्र सगळ्यांच्या मागून चालत राहतं. ते लढत नाही, बोलत नाही आणि मरतही नाही.

व्हर्नर गेल्यावरही मार्लिसने खेळ तिच्याच घरी ठेवायला लावला. दर रविवारी ती कॉफी आणि केक घेऊन यायची, शेवटच्या पायरीवर थांबायची आणि विचारायची, "व्हर्नर कुठेय गं?"

"मागे. कंदील घेऊन," मी सांगायचे. "कडीची करकर ऐकू येतेय."

ती मान हलवून वर जायची. आठवड्यातून त्या एकाच रात्री ती धड जेवते, असं तिची बहीण मला म्हणाली होती. म्हणून मी ते उत्तर जपत होते.

त्या दिवशी आमची टोळी गुहेत अडली होती. दार कुठेतरी लपलेलं होतं आणि सापडत नव्हतं. ड्वेन माझ्या समोर बसला होता. त्याच्या शेजारी टोइव्हो, खाणीतून निवृत्त झालेला, तोंड उघडणं जिवावर येणारा माणूस.

"सोल्वेग, एक मुद्दा आहे," ड्वेन म्हणाला. टोइव्होने डोळे मिटून घेतले.

"बोल बाबा."

"गैरहजर कोण? जो येऊ शकतो, पण आला नाही तो. व्हर्नर गैरहजर नाही, मेलाय. धरणारा मेला की कंदील मोकळा. तो मला दे."

"कंदील जळतोय ड्वेन. तुझ्याच पुस्तकाप्रमाणे धरणारा जिवंत आहे."

"तू म्हणतेस म्हणून जळतोय! ऑक्टोबरपासून लबाडी चाललीये ही. शवपेटी उचलायला मीही होतो, बाई."

जिन्यावर कप वाजले. मार्लिस ट्रे घेऊन उभी होती. माणसाच्या पोटी जन्मलेल्या कुणीही तिथे जीभ चावली असती. ड्वेनने खुर्ची वळवली.

"बरं झालं आलीस. तूच सांग. नियमाचा प्रश्न आहे, मनाला लावून घेऊ नकोस. व्हर्नर मेलाय की नाही?"

तिने ट्रे पायरीवर ठेवला. हात एप्रनला पुसले.

"मेलाय," ती म्हणाली.

"झालं तर मग!" ड्वेनने हात चोळले. इतका हलकट आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

माझं डोकं भणभणलं. "घे," मी म्हणाले. "व्हर्नर मेला. कंदील विझला. जा, काढून घे त्याच्या हातातून."

वरचा ट्यूबलाइट तसाच चालू होता. मग रॉकेलचा वास आला.

"सोल..." टोइव्हो खालमानेनं कुजबुजला. "फाशांच्या सावल्या बघ..."

टेबलावर पसरलेल्या गुहेच्या नकाशावरच्या फाशांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. माझ्याकडून निघून त्या ड्वेनकडे सरकत होत्या. माझ्या हाताची सावली त्याच्या छातीवर पडली होती. उजेड माझ्या पाठीमागून येत होता. पिवळा, खालून येणारा, जरासा हलणारा. आणि करकर... एकदा... मग पुन्हा.

मी वळले नाही. मला ड्वेनचा चेहरा दिसत होता, तेवढा पुरे होता. त्या उजेडात लपलेलं काहीही दिसतं. त्याला जे दिसलं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

"दावा... मागे घेतो," तो पुटपुटला. "मी दावा मागे घेतो..."

जिन्यावर मार्लिसही तिकडेच बघत होती. तिचा चेहरा मऊ झाला होता. "व्हर्नर कुठेय गं?" तिने विचारलं.

मी न वळताच सांगितलं, "मागे... कंदील घेऊन."

सावल्या हळूहळू आखडत गेल्या.

पुढच्या रविवारी ड्वेन आला नाही. मार्लिसने आधी व्हर्नरचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "आणि ड्वेन?"

"गैरहजर. मागून चालतोय," मी म्हणाले, आणि मला ते म्हणताना बरं वाटलं, खोटं का बोला. "नियम म्हणजे नियम."

संध्याकाळी माझ्या घरचा फोन वाजला.

"सोल... मला पुढे घे."

"मग ये की रविवारी."

"येता येत नाहीये... कितीही चाललो तरी तुमच्या पाठीच दिसतात." तो धापा टाकत होता. "गैरहजर माणूस मरत नाही, हाच ना आपला नियम?"

"हो."

"मग तो सुटतो कधी?"

फोन कटला. मी लगेच परत लावला, तर त्याच्या बायकोने उचलला. ड्वेन? तो तर आठवडाभर खुर्चीत बसून आहे, ती म्हणाली. भरवलं तर खातो, उठवलं तर चालतो, तोंडातून शब्द नाही. फोनला त्याने हातही लावलेला नाही.

त्याला सोडवायचं तर वाट एकच आहे. मागून चालणारी माणसंही मरतात, असं मी टेबलावर म्हणायचं. पण नियम मोडला की दोघांसाठी मोडतो, आणि मार्लिस आता रोज जेवते. दर रविवारी ती दोघांची चौकशी करते. मी दोघांचं सांगते. ड्वेनसाठी तर मी मुळीच तोंड उघडणार नाही.

फक्त हल्ली करकर टेबलापाशीच राहत नाही. घरी जाताना माझ्यामागून येते. तिच्या जोडीला आता पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाजही असतो.

दिवा आणखी थोडा पुढे घ्या. माझी सावली तुमच्या अंगावर का पडतेय?