तडकलेला टाळ

मागच्या खोलीत, वाशाच्या खुंटीला टाळजोडी अडकवलेली होती. घराच्या दुरुस्तीत मिस्त्रीचा हात तिथवर पोचला नव्हता. सत्यवतीने स्टुलावर चढून ती काढली.

लाल गोंडा पाहून कीर्तनकार गोमाजी महाराजांनी ती ओळखली. ही जोडी त्यांनीच घरमालकाच्या आईला, गोदावरीबाईला, दिली होती. त्यांनी एकदा वाजवून पाहिली. एक टाळ तडकलेला, कण्हल्यासारखा आवाज. गेल्या गोकुळाष्टमीच्या काल्याला, याच वस्तीच्या देवळात, हाच आवाज त्यांच्या कानावर आला होता. त्याच दिवशी पूर आला होता.

चौऱ्याऐंशी सालचा वैशाख. सत्यवती महाराजांची भाची, शाळेत शिक्षिका. भंडाऱ्याच्या नदीकाठच्या वस्तीतलं हे दुरुस्त केलेलं जुनं घर घ्यावं की नाही, एवढंच तिला मामांना विचारायचं होतं. ती शाळेत गेली की आंधळी सासू घरी एकटीच राहणार होती.

घरमालक धनीराम टाळ पाहून दारातच थबकला.

"पाणी कुठवर आलं होतं रे?" महाराजांनी विचारलं.

"उंबरठ्यापर्यंत, महाराज."

"मंग नवा गिलावा डोक्याइतका उंच काहून? अन् ही मागची भिंत तर सारीच नवी."

"ओल आली होती."

"या खोलीले कडी बाहेरून काहून?"

"धान ठेवत होतो. उंदरांच्या पायी."

सत्यवती म्हणाली, "तुमचे उंदीर कडी उघडून जातात का, भाऊ?"

धनीराम हसला नाही.

"अन् तुही माय?" महाराजांनी विचारलं.

"पुराच्या आठ दिवस आधी कोंढ्याले पोचवली, माह्या बहिणीकडे. तिथंच तापानं गेली. साऱ्या वस्तीले माहीत आहे."

महाराज हळूच खाली बसले. गेल्याच महिन्यात कोंढ्याला कीर्तन झालं, तेव्हा ती बहीण, रुखमा, पायांवर डोकं ठेवून रडली होती. "माय भंडाऱ्यालेच वारली, महाराज, मले तोंडही पाहाले भेटलं नाही."

"इथं सांगितलं कोंढ्याले गेली, कोंढ्याले सांगितलं इथं गेली," महाराज म्हणाले. "माय कुठंच गेली नव्हती, धनीराम. टाळ घेतल्याशिवाय ती परसातही जात नव्हती. म्हातारपणी ध्यान राहे ना, नदीकडे निघून जाये, म्हणून तू कडी लावली. काळजीनंच लावली. अन् काल्याले आला. घरामागचा नाला फुगला. ती खाटेवर चढून टाळ वाजवत राहिली. पाणी गळ्याशी आलं तेव्हा त्या माळकरणीनं टाळ बुडू दिले नाही, खुंटीले अडकवले. मंग भिंत गेली. तिच्यासंग माय."

धनीरामचे ओठ हलले. "मी उठलो होतो, महाराज."

"उठला होता. टाळ मलेही ऐकू आले. ताल सोडून, भराभरा. मी गादीवरून म्हणालो, कोणाले तरी काल्याची लय घाई झाली. सारे हसले. अन् तू उठला तर तुले म्हणालो, बस, काला झाल्याशिवाय उठू नये."

धनीरामने टाळजोडी हातात घेतली.

"रुखमाले काय सांगू?"

"जे झालं ते. मी संगं येतो. माह्या वाट्याचं मीच सांगन."

सत्यवतीने घर घेतलं नाही.

पुढच्या काल्याला महाराज गादीवर उभे राहिले. त्यांनी वीणा गळ्यात घातली आणि अभंगाच्या आधीच म्हणाले, "घरी कोणी वाट पाहत असेल, त्यानं आत्ताच उठावं. देव रागावत नाही."

सत्यवती सासूसाठी उठली. तिच्यामागे आणखी दोघीचौघी उठल्या.

खांबाशी धनीराम बसून राहिला. त्याच्या घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.