धमनी फुलेपर्यंत

तो आला होता आमच्या प्रयोगशाळेतलं गळकं बेसिन दुरुस्त करायला. त्या सकाळी आमचा एक स्वयंसेवक ऐनवेळी गळाला होता. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, बेसिनखालून बाहेर आलेल्या त्या प्लंबरलाच विचारलं, की बारा आठवडे रोज संध्याकाळी एक छोटा ग्लास प्याल का?

फेसाळती वाइन बेताने घेतली तर रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हे आम्ही तपासत होतो. निम्म्यांना खरी वाइन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण मद्यार्क काढलेली. कुणाला कुठली, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. म्हणून तो तयार झाला. मला म्हणाला, "जगाचे पाइप तपासत फिरतो मी. माझे कुणी बघितलेच नाहीत कधी."

दर मंगळवारी सकाळी तो उपाशीपोटी यायचा. मी त्याच्या कोपराखाली पट्टा आवळायची आणि दंडावर सोनोग्राफीचा प्रोब धरायची. पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग पट्टा सोडायचा. रक्त धावत येतं आणि निरोगी धमनी केसभर फुलते. तेवढं मोजायचं. तोवर कुणी बोलायचं नाही.

बोलायचं नाही... म्हणून तर सगळं ऐकू यायचं. त्याचा श्वास. माझाही. माझी बट पुढे आली की तो घाईघाईने छताकडे बघायला लागायचा.

सहाव्या आठवड्यात पडद्यावर त्याची नाडी पंच्याण्णववर गेली.

"काल जास्त झाली वाटतं?"

"नाही. मोजून एक ग्लास."

"मग?"

"तुम्ही आत येईपर्यंत बरी होती ती..." तो म्हणाला.

मी ओठ दाबून हसू आवरलं. घरी आईने मात्र दोनदा विचारलं, एकटीच काय हसतेस म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्याचे सगळे आकडे काढून बघितले, आणि ते हसू मावळलं. मन अस्वस्थ असलं की धमनी हवी तशी फुलत नाही. त्याची दर आठवड्याला थोडी कमीच फुलत होती. माझ्यामुळे तर नसेल? गप्प बसले असते तर आणखी सहा मंगळवार माझे होते. पण तो आकडा बघून त्याला वाटलं असतं, वडिलांचं दुखणं आपल्यातही उतरलं.

मी मॅडमना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. चष्म्यावरून क्षणभर बघितलं आणि त्याची तपासणी माझ्या सहकाऱ्याकडे दिली. अभ्यास संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही, एवढंच बजावलं.

सहा मंगळवार मी पार्टिशनच्या अलीकडे बसून काढले. एकदा त्याने माझी चौकशी केली. सहकारी म्हणाला, त्यांना दुसरं काम आहे. त्यानंतर त्याने विचारलं नाही. मी हातात फाइल उलटी धरून बसले होते, हे नंतर लक्षात आलं. पलीकडे, सहकाऱ्याच्या नोंदींनुसार, त्याची धमनी छान फुलत होती.

शेवटी निकाल सांगायला सगळ्यांना बोलावलं. दोन्ही गटांत फरक असा फारसा नव्हताच. चाळीस माणसांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, आणि जे पीत नाहीत त्यांनी यासाठी सुरू करू नये, असं मॅडम म्हणाल्या. खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या रांगेत तो बसून होता.

त्याने सांगितलं, की दुसऱ्या शहरात मोठ्या इमारतीचं काम मिळालंय, दहा महिन्यांचं. उद्याच निघायचंय. मग म्हणाला, "माझं काही चुकलं होतं का? मध्येच सोडून दिलंत."

"तुमचे आकडे बिघडत होते... माझ्यामुळे."

"आणि तुमचे?"

खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं. "माझे कुणी मोजलेच नाहीत," मी म्हणाले. "पण ते सहाही मंगळवार मी पार्टिशनच्या अलीकडेच बसले होते."

तो काम नाकारतो म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली. इतकी चांगली संधी माझ्यासाठी सोडलेली मला पेलवली नसती.

"जा तू," मी म्हणाले. "पत्ता मात्र देऊन जा."

'तू' ऐकून त्याने मान वर केली. "काय म्हणालीस?"