डाव्या पंखाचं झाकण

निवृत्त फिटरच्या घरामागच्या शेडमध्ये दोन माणसं बसतील एवढं विमान तयार होत होतं. शेजारी त्याला ‘वैमानिक’ म्हणून चिडवत, विमान उडण्याआधी सांगा, वाळत घातलेले कपडे काढून घेतो म्हणत. तो हसण्यावारी नेई. बायको मात्र फणकारायची, कारण त्या विमानात निम्मे कष्ट तिचे होते.

पंखाचा पत्रा रिव्हेटने जोडणं हे एकट्याचं काम नाही. एकाने बाहेरून रिव्हेट ठोकणारी गन चालवायची आणि दुसऱ्याने आतून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे शेपटी चपटी होऊन पक्की बसते. आत हात घालायला पंखाच्या पोटाला स्क्रूने बसणाऱ्या झाकणाचं एक भोक ठेवलेलं. त्याचा पंजा त्यात मनगटापाशीच अडायचा, तिचा हात पार खांद्यापर्यंत जायचा. “हात बारीक म्हणूनच लग्न केलंत ना माझ्याशी?” असं ती विचारायची. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ती ठोकळ्याने पत्रा वाजवून सांगे. एक ठोका म्हणजे झालं, पुढे चला. दोन म्हणजे कच्चा राहिला, पुन्हा मारा. तीन म्हणजे थांबा, माझा हात आत आहे.

डाव्या पंखाची शेवटची ओळ तेवढी राहिली आणि ती आजारी पडली. “पहिल्या फेरीला शेजारी मी बसणार हं,” असं दवाखान्यातूनही बजावत राहिली. हिवाळा सरायच्या आत गेली.

“बाबा, आता पुरे. माझ्याकडे राहायला चला,” लेक दर फोनला म्हणायची.

“पंख बंद करतो आणि येतो,” तो म्हणे, आणि शेडकडे फिरकत नसे.

शेवटी एका रविवारी दुपारी लेक त्याला न्यायलाच आली. ती घरात त्याचं सामान बांधत होती, तेवढ्यात तो शेडमध्ये गेला. ठोकळा भोकातून आत सरकवला, फळीच्या तुकड्याने कसाबसा टेकवला आणि गन चालवली. रिव्हेट वाकडा बसला. दुसराही तसाच. ठोकळा निसटून आत पडला, तशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली आणि पुढच्या रिव्हेटवर त्याने नुसतीच गन दाबली.

आतून एक ठोका आला.

ऊन तापलं की पत्रा वाजतो, हे त्याला काही नवीन नव्हतं. त्याने भोकातून छोटा आरसा घालून पाहिलं. रिव्हेटची शेपटी गोल, चपटी, अगदी हवी तशी बसली होती. त्याने पुढचा मारला. एक ठोका. त्याच्या पुढच्याला गन घसरली, आणि दोन ठोके आले. त्याने मुकाट्याने पुन्हा मारला.

“चुका काढायची सवय काही जायची नाही तुझी,” तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. रडत रडतच ओळ संपत आली. शेवटच्या रिव्हेटपाशी तो थांबला. गनचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. हा एकदा मारला की तिला आत धरायला काही उरणार नव्हतं.

“शेवटचा आहे गं.”

गन वाजली. बऱ्याच वेळाने, अगदी हलकेच, एक ठोका आला.

लेक हाका मारत शेडमध्ये आली. त्याने डोळे पुसले. “ठोकळा आत पडलाय, तेवढा काढ. उडताना सुटं लोखंड आत नको.”

तिचा हात आईसारखाच बारीक. खांद्यापर्यंत घालून तिने सगळीकडे चाचपलं. “काहीच लागत नाही हो हाताला.”

मग दोघांनी पंखाचं टोक धरून गदागदा हलवलं आणि कान लावला. काही वाजलं नाही.

“नाहीच आत. लावा झाकण, निघू या.”

त्याने झाकण बसवलं. स्क्रू पिळत आणला.

तीन ठोके.

“बाबा, हे काय?”

त्याने स्क्रू उलटा फिरवला, झाकण काढलं.

“काढ हात. सावकाश,” तो भोकाशी वाकून म्हणाला आणि वाट पाहत तिथेच बसून राहिला.

लेकीने घरात जाऊन बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. झाकण अजून बाकावरच पडलंय. भोकाच्या कडेला, आईचं मनगट टेकायचं तिथे, पत्रा कोमट लागतो.