सगळ्यांचा श्वास एका हातात

सेरेस या बटुग्रहावरच्या बर्फखाणीत प्रत्येकाचा श्वास संदेशांच्या जाळ्यातून येई. पोशाख विचारी, प्राणकेंद्र उत्तर देई, तेव्हा कुठे छातीवरची झडप उघडे. त्या सकाळी तिघांच्या झडपा उघडल्याच नाहीत. निळे पडलेले देह वर आणून ठेवले होते, आणि दामिनी वळवीचा धाकटा भाऊ रोहिदास अजून खालीच होता.

"घातपात आहे, साहेब," जाळ्याची राखण करणारी दामिनी सुरक्षाप्रमुख तडवींना म्हणाली. "आपलं जाळं भोळं. 'केंद्र कोण?' विचारतं, आणि जो 'मी' म्हणेल त्याचं ऐकतं. ओळख मागत नाही. कुणीतरी मध्येच उभं राहून 'मी' म्हणतंय. सगळ्यांचा श्वास त्याच्या हातून जातोय."

"कोण?"

"यशोधनचं यंत्र. जुन्या बोगद्यातून."

"मग इथं काय करतेस? वरात काढायचीय त्याची? जा, थांबव त्याला."

जुन्या बोगद्यात केंद्राचा अभियंता यशोधन टिपणीस यंत्रावर ओणवा होता. तिच्या हातातली पहार पाहून त्याने मान वर केली. "दामिनी, ऐक. केंद्रच..."

पहिल्या घावाने शिरस्त्राणाची काच गेली. आतला श्वास पांढरा होऊन उडाला, मागोमाग रक्त, तुटल्या माळेच्या मण्यांसारखं, संथ. दुसरा घाव तिने यंत्रावर घातला.

त्याबरोबर तिचीच झडप मिटली. कानात रोहिदास घरघरला, "ताई... हवा..."

तिने केंद्राला हाक दिली. केंद्र मुकं होतं, सकाळीच मेलेलं. तिघं त्यापायी गेले होते. उरलेल्यांना यशोधन आपल्या यंत्रातून जगवत होता. कुणाला सांगायचीही उसंत नव्हती त्याला. तिचा श्वासही त्याच्याच हातात होता. पहार उगारली तेव्हाही त्याने तो तोडला नव्हता.

दामिनीने आपल्या पोशाखाचं छातीवरचं यंत्र जाळ्याला जोडलं. मी. मी केंद्र. जाळ्याने ऐकलं. खाली रोहिदास खोकला, लहानपणी डांग्या खोकल्यात खोकायचा तसा.

"म्हणजे तूही त्यातलीच." बोगद्याच्या तोंडाशी तडवी खिळेबंदूक रोखून उभे होते.

"केंद्र मेलंय, साहेब. मला मारलंत तर सगळे मरतील."

"दुसरं काय म्हणणार तू? तोही हेच म्हणाला असता."

"म्हणतच होता," दामिनी म्हणाली.

खिळा तिच्या मांडीत घुसला. तडवींनी बंदूक छातीवरच्या यंत्राकडे वळवली. त्यांचाही श्वास तिच्याच बोटांखाली होता. यशोधनला जे जमलं, ते तिला जमलं नाही; तिने तो तोडला.

तडवी गुडघ्यांवर आले, मग सेरेसवर सगळं पडतं तसे हळूहळू यशोधनशेजारी आडवे झाले. खाली रोहिदास श्वास घेत होता.