दहाची टेकडी

६८ ↘

टीं.

एवढाच आवाज. पण बंद खोलीत, माइकसमोर, कादंबरीतल्या एका विधवेने नुकतंच दार उघडलेलं असताना एवढासा आवाजही चांगलाच कानात भरतो. वाक्य अर्धवट राहिलं. विधवा दारातच उभी राहिली.

काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले. स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत. शेजारच्या खोलीतल्या माशीचा मूडही त्याला ऐकू येतो, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. त्याने काचेतून पाहिलं. काचेच्या आत बसलेली, ऑडिओबुक वाचायला आजच पहिल्यांदा आलेली वाचिका पानाकडे बघत राहिली.

तिला ठाऊक होतं आवाज कुठला ते. टेबलाखालच्या पिशवीतला तिचा फोन. तिने तो गप्प केला होता, पण साखर सत्तरच्या खाली गेली की तो कुणाचं ऐकत नाही. तिच्या पूर्ण बाहीच्या आत, दंडाच्या मागच्या बाजूला, नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली होती. ती दर काही मिनिटांनी साखर मोजायची आणि फोनला कळवायची. या आधीच्या स्टुडिओत ही चकती कुणाच्या तरी नजरेस पडली होती. "तब्येत सांभाळा," म्हणून तिथल्या साहेबांनी प्रेमाने तिचं पुस्तक दुसरीला देऊन टाकलं. तेव्हापासून बाही पूर्ण, आणि तोंड बंद.

"कसला आवाज तो?" कानसेनच्या पाठीमागच्या सोफ्यावरून मालकीणबाईंनी विचारलं. नवा आवाज ऐकायला त्या मुद्दाम येऊन बसल्या होत्या.

आता संपलं, तिला वाटलं.

"माझा," कानसेन म्हणाला. आणि त्याने चक्क आपली बाही वर केली. दंडाच्या मागे... तीच चकती. तीच जागा. "डायबेटिस आहे ना मला. साखर घसरली की हा बोंबलतो. सॉरी."

"उद्यापासून तो फोन माझ्या कपाटात," मालकीणबाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग संपेपर्यंत."

बोलायची हीच वेळ होती. तिने तोंड उघडलं —

"काळजी घ्या," ती त्याला म्हणाली.

जगात तिला सगळ्यात जास्त चीड आणणारे दोन शब्द. मग पाणी प्यायच्या निमित्ताने ती बाहेर गेली आणि स्वच्छतागृहाच्या आरशासमोर उभं राहून तिने ग्लुकोजच्या चार गोळ्या कडाकडा चावल्या.

एका मैत्रिणीची गोष्ट

कादंबरी जाडजूड होती. नऊ दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत कानसेन कप घेऊन बूथच्या दाराला टेकला.

"मॅडम, समजा तुमच्या एखाद्या मैत्रिणीला अशी चकती असेल —"

"माझ्या कुठल्याच मैत्रिणीला नाहीये."

"पुढेमागे होईल एखादी. तिला सांगा, दार जपायचं. दाराची चौकट म्हणजे या चकतीची सवत. दंड घासला की उपटून टाकते."

"सांगेन."

"आणि आंघोळ झाली की लगेच चिकटवायची नाही. कातडी कोरडी हवी, तेल-क्रीम काही नको. एकदा डावा दंड, पुढच्या खेपेला उजवा."

"मैत्रीण मूर्ख नाहीये हो."

"असं मी कुठे म्हटलं?" तो चहाचा घोट घेत म्हणाला. "फक्त पहिल्या दिवशी चकतीवर फार विसंबू नये म्हणावं. नवी असते, बिचकते. काहीबाही आकडे सांगते. पटलं नाही तर सरळ बोट टोचून बघायचं."

"तुम्ही फारच बोलता, रेकॉर्डिस्टच्या मानाने."

"दिवसभर ऐकतो ना. मग साचतं."

ती हसली नाही. निदान त्याला दिसेल असं नाही.

तिने मात्र त्याच दिवशी फोनमध्ये सत्तरच्या आधी ऐंशीलाही एक मुका इशारा लावला आणि फोन कमरेच्या पट्ट्यात खोचला. ऐंशीला तो नुसता थरथरायचा, मग टीं व्हायच्या आत गोळी तोंडात. व्यवस्था चोख होती. चोख नव्हतं ते एवढंच, की दर सकाळी दहाला ती आली की मालकीणबाई कानसेनचा फोन घेऊन जिना चढून जायच्या आणि कपाटाला कुलूप लावायच्या. फोन वर, माणूस खाली. चकतीने सांगायचं तरी कुणाला?

उद्या सांगते, असं ती रोज ठरवायची. आठ दिवस उद्याच होता.

४१, बाण बेपत्ता

सुट्टीच्या दिवशी दुपारी आईचा फोन. तिचे आकडे आईला स्वतःच्या फोनवर दिसत. ही सोय तिने स्वतःच करून दिली होती, आणि रोज एकदा तिला त्याचा पश्चात्ताप व्हायचा.

"अगं एक्केचाळीस! बोल काहीतरी!"

"आई... झोपले होते."

"एक्केचाळीसला झोपतात?"

"उजव्या कुशीवर झोपले होते. चकती अंगाखाली दबली की खोटं बोलते, कितीदा सांगू? आता कूस बदलली. थांब, बोट टोचते." टोचलं. "एकशे आठ. झालं समाधान?"

"झालं." मग जरा थांबून, "आवाज का असा येतोय तुझा?"

"कसा?"

"गोड."

"आकडा दिसतो ना तुला? त्यात बघ की किती गोड."

"आकड्यात नाही दिसत गं ते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

सिग्नल नाही

नववा दिवस. शेवटचं प्रकरण. एक वाजता जेवायची सुट्टी ठरलेली, म्हणून कानसेनने पाऊणला इन्सुलिन घेऊन टाकलं होतं. काचेतून तिला दिसलं. त्याने लपवलंही नव्हतं, तो काहीच लपवायचा नाही.

एकला ती म्हणाली, "हा परिच्छेद संपवूया का? सूर लागलाय."

सव्वाला, "एकदाच परत. 'माफ कर' नीट आलं नाही."

दीडला विधवेने माफ केलं, पण वाचिकेला पटेना. "शेवटचा टेक. नक्की."

हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "घ्या... घ्या की." मग उगाच हसू. काचेपलीकडून तिच्याशी बोलायचं बटण त्याने सोडलंच नाही. तिच्या कानात त्याचा श्वास येत राहिला.

ती वाचू लागली. तिसऱ्याच ओळीत पान मोठ्याने फडफडलं. त्याने टेक थांबवला नाही.

तिने मुद्दाम एक ओळ गाळली. पलीकडून अंगठा वर. मग तिने शांतपणे, त्याच आवाजात, विधवेच्या तोंडी घातलं, "— आणि माझ्या नवऱ्याच्या टोपीत काल एक हत्ती झोपला होता."

अंगठा वर.

माशीचा मूड ओळखणारा माणूस. एसी चालू होता आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम चमकत होता.

हे तिला आतून माहीत होतं. जग असं कापसात गुंडाळलं जातं, सगळं ठीक वाटतं, आणि ठीक वाटणं हीच खूण असते. तिने हेडफोन फेकले, पिशवी उचलली आणि बूथच्या दारातून अशी सुटली की चौकटीने आपलं काम चोख केलं. दंडाला चरचरीत कळ. काहीतरी टपकन खाली पडलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

"तोंड उघडा."

"मी ठीक आहे, मॅडम."

"उघडा म्हणते ना!"

चार गोळ्या. वर फळांच्या रसाचा छोटा डबा, नळी त्याच्या ओठांत धरून. मग त्याचं बोट धरून टोचलं. साखर मोजायचं यंत्र म्हणालं, एकोणपन्नास.

"मालकीणबाई!" ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. तिचा सगळ्यात खरा टेक, पण रेकॉर्ड झाला नाही. "फोन आणा त्यांचा!"

पंधरा मिनिटं

फोन खाली आला. चकतीशी त्याची पुन्हा ओळख पटायला थोडा वेळ गेला. मग आकडा उगवला, एकाहत्तर, आणि पुढे खाली तोंड केलेले दोन बाण.

"हे बघा, एकाहत्तर तर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली कपाटाची किल्ली वाजत होती.

"आकड्याकडे नका बघू, बाणांकडे बघा. शिवाय चकती दहा-पंधरा मिनिटं मागे असते. बोटातलं रक्त म्हणजे आत्ताचं."

"बोट लाइव्ह," कानसेन भिंतीला टेकून पुटपुटला. "चकती... रेकॉर्डिंग."

"बोलू नका. बसा."

पाच मिनिटांनी चकती म्हणाली, त्रेसष्ट. तो तिच्या पिशवीत हात घालू लागला. तिने हातावर चापट मारली.

"अजून खाली जातोय मी!"

"जात नाही. ते मघाचं आहे. आता घाबरून खात सुटलात तर तासाभराने तीनशे. पंधरा मिनिटं थांबायचं, मग बोट."

"चॉकलेट आहे का? निदान एक?"

"ते हळू चढतं. नंतर."

तो थांबला. तिचा हात त्याच्या मनगटावर तसाच राहिला. वैद्यकीय कारणाने, असं म्हणता येईल.

तेवढ्यात मालकीणबाई वाकल्या आणि चौकटीजवळून काहीतरी उचललं. "ही कुणाची?"

कानसेनची तर दंडावर होती. तिने आपली बाही वर केली. लाल, ओरखडलेला गोल.

"माझी. पहिल्या दिवशीचा आवाजही माझाच होता. काम जाईल म्हणून बोलले नाही. त्यांचा फोन कपाटात गेला तो माझ्यामुळे, जेवण लांबलं तेही माझ्यामुळे." श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "आता पुस्तक काढून घ्यायचं तर घ्या."

मालकीणबाईंनी चकती उलटसुलट करून पाहिली. किल्ली खिशात टाकली.

"किती राहिलंय?"

"दोन पानं."

"आधी जेवा. मग संपवा. हत्तीवालं वाक्य पुन्हा घ्या, मला वर स्पीकरवर ऐकू आलं ते." जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या. "दोन्ही फोन डोळ्यांसमोर ठेवा. आवाज आला तर परत वाचा. त्यात काय एवढं. आणि सोमवारी नवी कादंबरी येतेय, याहून जाड."

पंधरा मिनिटं झाली. बोट म्हणालं, ब्याऐंशी.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तो आवाज. तो माइकवरून आला होता, मॅडम. माझा फोन काचेच्या बाहेर, माझ्या खिशात. कुठला आवाज कुठून आला हे मला न कळायला..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पहिल्या दिवसापासून? मग ती मैत्रीण —"

"चांगली मुलगी आहे. जरा हट्टी."

"आणि कपाट? मेला असतास म्हणजे?"

"ते चुकलं. तेवढं मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर मागे घेता येईना."

"तू ना... तू अत्यंत मूर्ख माणूस आहेस!"

"'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

तिने चॉकलेटचा कागद सोडला, अर्धं मोडून त्याच्या हातावर ठेवलं.

चौदा दिवस

जेवल्यावर तिने त्याचा फोन ओढून घेतला. "एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही. चौदा दिवसांचं एकत्र बघतोस का कधी?"

"नाही."

"तरीच." तिने आलेख उघडला. चौदा दिवसांच्या रेषा एकावर एक. फोन कपाटात असतानाचे आकडेही चकतीने साठवून नंतर त्यात भरले होते. "हे बघ, पहाटे बरं आहे. न्याहारीनंतर चढतं, उतरतं. नऊला सपाट. आणि हे... दहाला काय खातोस?"

"काही नाही."

"खोटं नको बोलूस. रोज दहाला एवढी टेकडी येते. आठ-नऊ दिवस तरी." तिने जवळ घेऊन पाहिलं. "त्याआधी नव्हती. चहात साखर?"

"नाही."

"मग? ताण? धडधड झाली तरी चढतं, न खाता. दहाला असं काय होतं?"

तो बोटांनी चॉकलेटचा कागद सपाट करत बसला. एवढा सपाट कागद जगात कुणाला लागत नाही.

"दहाला..." तो म्हणाला, "तू येतेस."

बूथमध्ये विधवा दोन पानांसाठी खोळंबली होती. तिला खोळंबू दे.

"नक्की तेच कशावरून?" वाचिकेने शेवटी विचारलं. तिची नजर अजून आलेखावर होती, पण आलेख काही दिसत नव्हता. "तपासायला हवं. सोमवारी मी साडेनऊला येते. टेकडी सरकते का बघू."

सोमवार, ९.३०

नवी चकती आदल्या संध्याकाळी, या खेपेला डाव्या दंडावर, कोरड्या कातडीवर. साडेनऊला तिने स्टुडिओचं दार उघडलं. चौकट जपून.

दहाला पाच कमी असताना ती बूथमध्ये माइकसमोर बसली. काचेपलीकडून त्याने आपला फोन वर धरून दाखवला. टेकडी सरकली होती.

तिचा फोन थरथरला. आई.

"साडेनऊला काय खाल्लंस गं? रेष बघ कशी वर गेलीय."

"काही नाही, आई. नवी चकती आहे. पहिल्या दिवशी बिचकते."



"चकती बिचकते," आईने विचारलं, "की तू?"

"...दोघी."

"कोण आहे?"

तिने काचेकडे पाहिलं. "सांगते संध्याकाळी. चांगलं ऐकू येतं त्याला."

दुसऱ्या कानावरच्या हेडफोनमध्ये हळूच खुडखुड झाली. बोलायचं बटण.

"मॅडम," कानसेन म्हणाला, "माइक चालू आहे."